फासा त्याच्या हातात राहू द्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा साडेपाच वर्षांचा, मोठ्या शिशुवर्गात. बाईंनी सांगितलंय की पेन्सिल फार दाबून धरतो, हात लवकर दमतो आणि अंकांतही जरा मागे आहे. म्हणून सुट्टीत तुम्ही लुडो आणि सापशिडीचा पट आणलात. पण टाकलेला फासा पलंगाखाली जातो, ठिपके दर वेळी एकापासून मोजले जातात, सोंगटी नेताना एक घर हमखास चुकतं आणि हरायला लागला की तो पट उधळून रडतो. त्यात सासूबाई म्हणतात, लेकराच्या हातात फासे देऊ नका. तुम्ही विचारलंय की यातून खरंच काही साधतं का, की दोन हजारांचा तो ‘मेंदूविकास’ संच मागवावा.

साधतं, आणि बरंच साधतं. मी २२ वर्षं बालवाडीत शिकवतेय आणि माझ्या वर्गात फासा, कवड्या किंवा चिंचोके रोज कुठल्या ना कुठल्या निमित्ताने बाहेर निघतात. पण तुमच्या घरी घोडं कुठे अडलंय ते आधी पाहू. आपल्याला जो एक डाव वाटतो त्यात मुलाला एकापाठोपाठ चार कामं करावी लागतात: फासा टाकायचा, वाचायचा, तेवढी घरं चालायची आणि मग दुसऱ्याची पाळी संपेपर्यंत थांबायचं. तुमचा मुलगा चारही ठिकाणी थोडा थोडा अडतोय, आणि चारही अडचणी एकाच डावात अंगावर आल्या की कुठलंही मूल पट उधळेल. मग आपण काय करतो? फासा आपणच उचलून आणतो, ‘अरे, पाच पडलेत’ म्हणून सांगतो, त्याची सोंगटीही आपल्याच बोटाने पुढे सरकवतो. डाव भरभर होतो, पण मुलाच्या वाट्याला नुसतं बघणं येतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. मुलाची बोटं फक्त पेन्सिलीलाच दमतात की शर्टाची बटणं, डब्याचं झाकण, चमचा, जिना या सगळ्यातच तो मागे पडतो? सगळीकडे अडत असेल, वारंवार धडपडत असेल किंवा फासा अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघत असेल, तर खेळाच्या भरवशावर राहू नका. डोळे तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना विचारून ऑक्युपेशनल थेरपिस्टला (हाताची आणि रोजची कामं जमावीत म्हणून व्यायाम-उपचार देणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा. नुसती पेन्सिलच असेल तर साडेपाच हे वय लहान आहे. चार बोटांनी पेन्सिल धरणारी मुलंही पुढे सुरेख लिहितात. आणि घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर छोटे फासे, कवड्या, चिंचोके खेळ संपला की मोजून डब्यात भरायचे. ते सरळ तोंडात जातात. यात हयगय नको.

आता हाताचं. लुडोच्या डब्यातला फासा चण्याएवढा असतो. तो या वयाच्या मुलाच्या ओंजळीत हरवतो. सुताराकडून चार-साडेचार सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा कापून घ्या, कडा घासून घ्या आणि त्यावर ठिपक्यांच्या जागी टिकल्या लावा. टिकल्या त्यालाच लावू द्या. पाकिटावरून छोटी टिकली नखाने उचलायची, फाटू न देता बोटाच्या टोकावर घ्यायची आणि नेमक्या जागी दाबायची, हा अंगठा आणि तर्जनीचा उत्तम व्यायाम आहे. एकवीस टिकल्या लागतात, म्हणजे अर्धी दुपार त्यातच जाते. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी सात येते, हे त्याला आधी सांगू नका. खरा फासा समोर ठेवून ‘तसाच कर’ एवढंच म्हणा. माझ्या वर्गातल्या एका मुलाने असा फासा करताना सहाच्या पाठीवर एक आणि पाचाच्या पाठीवर दोन लावले, क्षणभर थांबला आणि मान वर न करताच म्हणाला, ‘आता तीनच्या मागे चार.’ ती बाजू त्याने अजून पाहिलीही नव्हती.

फासा परातीत टाकायचा. परातीत जुना टॉवेल अंथरा, म्हणजे आवाज होत नाही आणि फासा फार उसळत नाही. नियम एकच: परातीबाहेर गेलेलं दान धरायचं नाही, पुन्हा टाकायचं. ‘हळू टाक’ हे शंभरदा सांगून जे होत नाही ते या नियमाने दोन दिवसांत होतं, कारण किती जोर लावायचा याचा हिशोब हात स्वतःच करायला लागतो. टाकण्याआधी दोन्ही तळहातांच्या पोकळीत फासा खुळखुळवायला लावा. सुरुवातीला अंगठ्यांच्या मधल्या फटीतून तो निसटतो. ती फट बंद करायला मुलं जी धडपड करतात ती जरूर बघा. दोन्ही हात एकमेकांशी जुळवून घेत असतात, तळहाताची वाटी होत असते. अशी वाटी नीट होणारा हात पुढे पेन्सिलीवरही कमी दमतो, असं मी बऱ्याच मुलांत पाहिलंय.

पेन्सिलीसाठी मला फाशाहूनही चिंचोके जास्त उपयोगी वाटतात. दान पडलं की तेवढे चिंचोके एका हाताने एकेक उचलायचे आणि त्याच मुठीत साठवायचे. दुसऱ्या हाताने मदत घ्यायची नाही. मग मुठीतून एकेक बोटांच्या टोकांशी आणून वाटीत सोडायचा. हे करताना करंगळी आणि अनामिका आतला माल धरून ठेवतात आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट बाहेरचं काम करतात. लिहिताना हाताची हीच विभागणी लागते. आपल्या आज्या-मावश्या सागरगोटे खेळायच्या, त्यातही हेच होतं. सुरुवातीला तीन चिंचोक्यांपुढे जाऊ नका. चौथा हमखास सांडतो.

वाचण्याकडे येते. एक, दोन, तीन आणि जेमतेम चार एवढ्या वस्तू माणसाला न मोजता दिसतात. पुढचं आपण गट करून ओळखतो. तुमचा मुलगा दर वेळी एकापासून मोजतो, याचा अर्थ तो चुकतोय असा घेऊ नका. त्याला अजून गट दिसत नाहीत, एवढंच. तर पहिले आठ-दहा दिवस खेळायला तसाच दुसरा ठोकळा घ्या आणि त्यावर फक्त एक, दोन आणि तीन ठेवा, प्रत्येक दोनदा. घाई करू नका. तिथे बोट न लावता आकडा तोंडावर यायला लागला की मग सहापर्यंतचा फासा द्या. आणि एक खेळ रोज दोन मिनिटं खेळा: फाशावर वाटी उपडी ठेवायची, क्षणभर उचलायची, पुन्हा झाकायची. ‘किती?’ याच्या पुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे: ‘कसे दिसले?’ माझ्याकडची एक मुलगी पाचाला म्हणायची, ‘चार खांब आणि मध्ये देव.’ दुसरा एक म्हणाला, ‘तीन बसलेत आणि तीन त्यांच्यासमोर जेवायला.’ पाच म्हणजे चार आणि एक, सहा म्हणजे तीन आणि तीन, ही बेरीजच झाली की! तीही वहीत बेरजेचं चिन्ह येण्याच्या कितीतरी आधी.

चालताना जी एका घराची चूक होते ती जवळजवळ सगळी मुलं करतात. सोंगटी ज्या घरात उभी आहे तेच घर ‘एक’ म्हणून मोजलं जातं. ‘चुकलास’ म्हणून बोट धरू नका. पट फरशीवर उतरवा. खडूने एका ओळीत दहा घरं आखा, आत १ ते १० आकडे लिहा आणि मुलालाच सोंगटी करा. पुठ्ठ्याच्या खोक्याचा मोठा फासा करून टाकू द्या. तीन पडले तर तीन उड्या. उभं राहिलेल्या जागी उडी होत नाही, हे पायांना लगेच कळतं. तिथे पक्कं झालं की मग टेबलावर सोंगटीला बेडूक म्हणा आणि त्याला उड्या मारू द्या. लंगडीने जाऊ दिलंत तर तोलही सांभाळला जातो, पण तीनपेक्षा जास्त पडले तर दोन्ही पायांनी.

उड्या मारताना काय म्हणायचं, यावर मात्र मी अडून बसते. मूल चारावर उभं आहे आणि तीन पडले, तर त्याने ‘एक, दोन, तीन’ न म्हणता ‘पाच, सहा, सात’ म्हणायचं. जी घरं तुडवतोय त्यांची नावं घ्यायची. अमेरिकेत गीता रामानी आणि रॉबर्ट सिगलर या संशोधकांनी २००८ मध्ये गरीब वस्तीतल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० घरांचा असा सरळ पट खेळायला दिला. फाशाऐवजी १ आणि २ असे आकडे असलेली फिरकी होती. दोन आठवड्यांत जेमतेम चार बैठका झाल्या, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटांच्या. तेवढ्यानेही या मुलांची अंकांची समज वाढली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती. आकड्यांऐवजी रंगांच्या पटावर खेळलेल्या मुलांत तसा फरक पडला नाही. पुढे २०१४ मध्ये सिगलर आणि एलिडा लास्की यांनी शंभरपर्यंतच्या पटावर पाहिलं, तर घरातला आकडा म्हणत पुढे जाणारी मुलं दर वेळी एकापासून मोजणाऱ्यांपेक्षा जास्त शिकली. हे मी वाचलं तेव्हा फार बरं वाटलं, कारण वर्गात हेच दिसत होतं आणि पालकांना ते पटवताना दमछाक व्हायची.

सापशिडी त्यामुळे या वयाला थोडी लवकर होते, आणि आपल्या भाषेत तर आणखीच. एक तर तिचा पट नांगरासारखा वळतो: पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. वाचायला नुकतीच शिकलेली मुलं दहानंतर सवयीने ओळीच्या डाव्या टोकाला जातात आणि थेट विसावर जाऊन बसतात. दुसरं म्हणजे आपले आकडे. सत्तेचाळिसावर सोंगटी आहे आणि पाच पडले, की ‘अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास, एक्कावन्न, बावन्न’ म्हणायचं. ‘एकोणपन्नास’ म्हणताना तोंडात पन्नास येतं आणि लिहायचे असतात चार आणि नऊ. त्रेपन्नमध्ये तीन आधी ऐकू येतो, लिहिताना पाच आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा केवढा वाद झाला ते आठवत असेल. त्या वादात मी पडत नाही, पण मुलांची अडचण खरी आहे. म्हणून मी शंभराचा पट हाताने आखते, प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करते, म्हणजे १, ११, २१, ३१ एकावर एक येतात. साप-शिड्या नंतर. आधी तीसपर्यंत, मग पन्नास. दोन्ही नावं म्हणून घेते: ‘त्रेपन्न, म्हणजे पन्नास आणि तीन.’ घाई न करता रोज दहा घरं चालली तरी महिन्याभरात एकोणतीस, एकोणचाळीस जिभेवर बसतात.

आता रडण्याबद्दल. लुडोत सोंगटी बाहेर काढायला सहाच पडावे लागतात. हिशोब करून बघा: सहा पाळ्या खेळूनही एकदाही सहा न पडण्याची वेळ तीनांतल्या जवळजवळ एका मुलावर येते. दहा पाळ्यांनंतरही सहांतला एक जण घरातच बसलेला असतो. साडेपाच वर्षांच्या मुलाने दहा पाळ्या दुसऱ्यांच्या सोंगट्या फिरताना बघत शांत बसावं, ही अपेक्षा मोठ्या माणसालाही जड जाईल. नियम बदला. एक किंवा सहा, काहीही पडलं तरी सोंगटी बाहेर. मग सहा पाळ्या कोरड्या जाण्याची वेळ अकरा-बारांतल्या एकावरच येते. चारऐवजी दोनच सोंगट्या घ्या. खेळाडू दोन, फार तर तीन. आणि थांबण्याच्या वेळात हाताला काम द्या: दुसऱ्याने टाकलेलं दान त्याने वाचून सांगायचं, फासा उचलून पुढच्याच्या हातात द्यायचा. नुसतं थांबणं मुलांना जमत नाही, काम असलं की जमतं.

मुद्दाम हरू नका. मुलांना ते कळतं आणि मग जिंकण्याची किंमत जाते. त्याऐवजी पहिले काही दिवस सगळ्यांनी मिळून एकच सोंगटी चालवा आणि ताटातले वीस-पंचवीस शेंगदाणे संपायच्या आत ती घरी पोचवायची, असं ठरवा. प्रत्येक दानाला एक शेंगदाणा कमी. हरलो तर सगळेच हरलो. मग एकमेकांविरुद्धचा डाव. आणि तरी रडला तर रडू द्या, जवळ बसा, पट मात्र त्यालाच आवरू द्या.

विचारशक्तीचं म्हणाल तर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सापशिडीत विचार करायला जागाच नाही. पडेल ते चालायचं, शिडी आली चढायचं, साप आला उतरायचं. ती अंकांसाठी चांगली. विचार तिथे सुरू होतो जिथे दोन सोंगट्यांपैकी कुठली हलवायची हे ठरवावं लागतं. म्हणून लुडो, आणि त्याहून आपला अष्टा-चंगा मला आवडतो. पाच गुणिले पाच घरांचा पट फरशीवर खडूने काढता येतो आणि दानाला चार कवड्या किंवा चिंचोक्यांच्या चार फाका पुरतात. चिंचोका दगडावर घासून फोडायचा, म्हणजे एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी मिळते. जेवढ्या पांढऱ्या वर तेवढं दान, चारही पांढऱ्या म्हणजे चंग (चार), सगळ्या तपकिरी म्हणजे अष्टा (आठ). गावोगावी नियम थोडे बदलतात, तुमच्याकडचे असतील तेच धरा. इथे फाशासारखं सगळं सारख्या प्रमाणात पडत नाही. चार फाका सोळा प्रकारे पडू शकतात: त्यात दोन येण्याचे प्रकार सहा, एक आणि तीन येण्याचे चार-चार, आणि चंग-अष्टा यांचा फक्त एकेक. मुलांना हे गणित सांगावं लागत नाही. आठवडाभरात ती म्हणायला लागतात, ‘मला दोन हवेत, दोन पडतातच.’ मूल सोंगटी हलवतं तेव्हा मध्ये बोलू नका. हलवून झाल्यावर कुतूहलाने विचारा, ‘ही का हलवलीस?’ पहिले काही दिवस ‘असंच’ हे उत्तर येईल. मग एक दिवस येतं, ‘कारण तुमची मागे आहे, ती मला मारेल.’

तो सहा-सात वर्षांचा झाला की दोन फाशांची शर्यत खेळा. कागदावर १ ते १२ असे घोडे, प्रत्येकाने आपला निवडायचा, दोन्ही फाशांची बेरीज येईल तो घोडा एक घर पुढे. आमच्या एका मुलीने आवडता म्हणून एक नंबर घेतला. घोडा जागचा हलेना. दहा-बारा दानं झाली, ती गप्प होती, दोन्ही फासे हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवून बघत होती. मग एकदम उठून उभी राहिली: ‘बाई, दोन फाशांत एक येऊच शकत नाही!’ पुढच्या डावात तिने सात घेतला.

संच घ्यायची गरज मला दिसत नाही. ठोकळा, टिकल्या, परात, खडू आणि मूठभर चिंचोके यांत सगळं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या उभ्या केल्या त्या बिया, शिंपले, पानं, दगड यांवरच. आणि मोबाइलवरचा लुडो मात्र या कामासाठी धरू नका. तिथे फोनच फासा टाकतो, फोनच वाचतो, सोंगटीही फोनच चालवतो. मुलाला शिल्लक राहतं ते काचेवर बोट टेकवणं.

सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. फासे म्हटलं की द्यूत आठवणं साहजिक आहे, कितीतरी घरांनी पत्त्या-फाशांपायी सोसलंय. त्यांना दोन गोष्टी सांगा. पैज नसेल तर जुगार होत नाही, म्हणून आपल्या घरी चॉकलेटचीही पैज नाही. मीही वर्गात हा नियम कडक पाळते. आणि वेरूळला एकविसाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळत बसलेत. आपल्याकडचा जुना मोक्षपट, जो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो, तोही कवड्यांनी दान टाकून खेळायचाच आहे. मग त्यांनाच विचारा, लहानपणी तुम्ही काय खेळायचात, नियम काय होते. मी अशा आज्यांना वर्गात बोलावते. सुरुवातीला संकोचतात, आणि कवड्या हातात आल्या की मनगट असं काही फिरतं की मुलं बघत राहतात.

रोज पंधरा मिनिटं पुरे, तो ‘अजून एक’ म्हणतोय तोवरच थांबा. या आठवड्यात फक्त टिकल्यांचा फासा, परात आणि एक-दोन-तीन एवढंच करा. पट काढूच नका. रविवारी वाटीचा खेळ खेळताना बघा, तीन ठिपक्यांवर बोट फिरवतो की बघूनच सांगतो, आणि मला कळवा. त्यावरून पुढचा फासा कसा करायचा ते सांगते.